गट अठरा : ब्रेक

आशाबाईंनी पदर नाकाला लावला आणि वर माळ्याकडे पाहिलं. "मोहफुलंच सडले वाटते. भावाले दरसाल सांगते, एवढे पाठवू नको म्हून."

पण वास माळ्यावरून येत नव्हता. त्यांचे यजमान गुणवंतराव यांनी नुकत्याच उघडलेल्या पत्र्याच्या डब्यातून येत होता. आंबट, नाकात चुरचुरणारा. चायनीजच्या गाडीवर मिरच्यांच्या बाटलीचं झाकण काढल्यावर येतो तसा. या वासाबद्दल मी वाचलं होतं, घेतला पहिल्यांदाच.

"भाऊ, हा डबा किती वर्षांपासून असा बंद आहे?" मी त्यांना विचारलं.

"एजन्सी बंद झाली तवापासून. नव्याण्णव." त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. सायकलची ट्यूब कापून तिची पट्टी कडेला गोल बसवली होती. "हवा जात नाई, पाणी जात नाई. वाळवीचं तं नावच सोड. रबर कडक झालं का नवीन बसवतो."

घोळ नेमका तिथेच झाला होता, आणि तो त्यांना कसा सांगावा ते मला कळेना.

डब्यात चौसष्ट मायक्रोफिश होत्या. मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढी पारदर्शक फिल्म. एका फिल्मवर सात ओळी, एका ओळीत चौदा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत छापील पुस्तकाचं एक पान, नखाएवढं. जुन्या जीपचा एकूण एक पार्ट, त्याचं चित्र, त्याचा नंबर, सगळं या चौसष्ट शीटांवर. पूर्वी स्पेअर पार्टच्या काउंटरवर एक मशीन असायचं. शीट त्याच्या दोन काचांमध्ये सरकवली की ते पान समोरच्या पडद्यावर मोठं दिसायचं. कॉम्प्युटर आले आणि मशीनं भंगारात गेली. शीटाही गेल्या. आता जुन्या जीप दुरुस्त करून जपणारे लोक एकेका पार्टचा खरा नंबर शोधत देशभर विचारत फिरतात. आमच्या अशाच एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सांगितलं होतं, चंद्रपुरात बाबूपेठेत एका जुन्या काउंटरवाल्याकडे अख्खा संच आहे. माझं घर माजरीला, बाबा खाणीच्या वर्कशॉपात फिटर, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. कॅमेरा आणि मायक्रोस्कोपची भिंगं माझ्याकडे होती. मी म्हटलं, मी जाते.

"भाऊ, ही फिल्म जुनी झाली की तिच्यातून ॲसिड निघतं," मी म्हटलं. "उघड्यावर असली तर ते उडून जातं. बंद डब्यात ते आतच फिरतं आणि बाकीच्या शीटांनाही खातं. जितकं घट्ट झाकण, तितकं..."

"म्हणजे मीच मारल्या."

आशाबाई पदर काढून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मी घाईने म्हणाले, "सगळ्या नाही. वरच्या चांगल्या आहेत. ज्या जास्त वाकल्या त्या आधी घेऊ. त्यांना दिवस कमी आहेत."

मी एकेक शीट कागदी पाकिटातून काढून चादरीवर मांडली. वरच्या साध्या डोळ्यांनीही सपाट दिसत होत्या. खालच्या कडांना वळल्या होत्या. अगदी तळाची शीट भाजलेल्या पापडासारखी झाली होती आणि एका कोपऱ्यात तिच्यावरचा चित्रांचा थर फुगून सुरकुतला होता. शीटच्या माथ्यावरची अक्षरं भिंगाशिवाय वाचता येतात. त्यावर लिहिलं होतं : गट १८, ब्रेक. सुधारित, जानेवारी १९८८.

"आधी ही," मी म्हणाले.

"ते शेवटी," गुणवंतराव म्हणाले.

"भाऊ, हिला दोन-तीन आठवड्यांच्या वर..."

"सांगतलं नं, शेवटी. इंजिनापासून सुरू कर."

त्यांनी ती शीट उचलली, पाकिटात घातली आणि कपाटावर ठेवून दिली.

*

गुणवंतराव वैरागडे मूलकडच्या एका खेड्यातून चौऱ्याहत्तर साली चंद्रपूरला आले. दहावी नापास. जीपच्या एजन्सीत त्यांना खोक्यांवरची धूळ पुसायला ठेवलं होतं. धूळ पुसता पुसता त्यांनी खोक्यांवरचे नंबर पाठ केले. चार वर्षांत ते काउंटरवर उभे राहिले. ब्याऐंशीत लाकडी पेटीतून मायक्रोफिशचं मशीन आलं, तेव्हा मालक म्हणाला, याला गुणवंतशिवाय कुणी हात लावायचा नाही. मालकाच्या खोलीनंतर एजन्सीत दुसरा पंखा बसला तो त्या मशीनवर.

त्या काळी आलापल्ली, धानोरा, सिरोंचा इथले मिस्त्री स्वतः चंद्रपूरला येत नसत. पार्ट हवा असला की चिठ्ठी लिहून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. कंडक्टर चिठ्ठी काउंटरवर आणायचा आणि बस परत निघायच्या आधी पार्ट घेऊन जायचा. चिठ्ठीवर फक्त पार्टचं नाव आणि गाडीचा चॅसी नंबर. मिस्त्री आणि काउंटरवाला वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहत नसत. सगळा व्यवहार विश्वासावर.

"कंडक्टर चिठ्ठी ठेवे, अन् मी नंबर बोलून मोकळा," ते मला सांगत होते. मी रोज दुपारी दोनला त्यांच्या घरी जायची. एप्रिलची आग ओकणारी दुपार, कूलरची घरघर, दाराला ओलं पोतं. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवलेला, त्याखाली एलईडीच्या उजेडाची पांढरी पाटी. एका शीटचे अठ्ठ्याण्णव फोटो. "मशीन लावाचं कामच नाई पडे. लोक पैज लावत. मालक म्हणे, गुणवंताच्या डोक्यात फिश आहे."

"नंबर सांगते सारे," आशाबाई चहा ठेवत म्हणाल्या. "माह्या पोराचा जन्म कोणत्या साली झाला, ते विचार."

"त्र्याऐंशी."

"बाप्पा. चौऱ्याऐंशी."

मी त्यांची परीक्षा घ्यायची. लॅपटॉपवर फोटो उघडायचा, पार्टचं नाव वाचायचं. ते डोळे मिटून नंबर सांगायचे. पहिले अकरा बरोबर आले. बाराव्याला मी म्हटलं, "भाऊ, हा इथे वेगळा आहे."

"नाई."

"इथे खाली लिहिलंय, सत्याऐंशीनंतर बदलला."

त्यांनी चष्मा लावून पडद्यावर पाहिलं. बराच वेळ. "असंल," म्हणाले आणि उठून मागच्या अंगणात गेले. त्या दिवशी पुन्हा आत आले नाहीत.

आशाबाई कप उचलत होत्या. मागच्या दाराकडे एक नजर टाकून त्या माझ्याजवळ खाली बसल्या.

"त्याले नको छळू पोरी. कपाटावरची ते शीट नाई का, तिच्यापायी चाललं हे."

मग त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल. आलापल्लीकडच्या एका बांबूच्या ठेकेदाराच्या जीपला ब्रेकचं रबर हवं होतं. चिठ्ठी आली, रबरांचं किट गेलं. पाचव्या दिवशी उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि जीप नाल्यात गेली. मागे बांबू तोडणारे बसले होते. त्यातल्या बिरजू नावाच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ठेकेदाराचा माणूस एजन्सीत विचारायला आला : किट चुकीचं तर नव्हतं दिलं? मालकाने गुणवंतरावांना बोलावलं. ते म्हणाले, फिशवर एकच नंबर आहे, तोच दिला. काउंटरवर गुणवंत म्हणतो म्हटल्यावर कुणी पुढे विचारलं नाही.

"मंग सारं डायव्हरवर गेलं," आशाबाई म्हणाल्या. "मुखरू नाव. दारू पेऊन होता म्हणले. ठेकेदारानं काढलं, मंग कोणंच गाडी देल्ली नाई त्याले. इकडे हे आजवर तेच म्हणून राह्यले, एकच नंबर होता, एकच नंबर होता. मी विचारतच नाई त. झोपेतून उठून म्हणते."

"मग बघितलं का नाही कधी? साधं घड्याळवाल्याचं भिंग असतं तरी..."

"तेच त." त्यांनी कप बशीत उलटा ठेवला. "एकच असता त पाह्यलं असतं ना एवढ्या दिवसात."

*

इंजिन झालं, गिअरबॉक्स झाला, स्टिअरिंग झालं. प्रत्येक शीटवर केसासारख्या बारीक रेघा होत्या. मशीनच्या काचांमध्ये शीट वर्षानुवर्षं सरकवल्याच्या त्या खुणा. क्लचच्या शीटवर तर ग्रीसने भरलेल्या अंगठ्याचा ठसा होता. फोटो काढून झाले की या रेघा पुसायला मला तासन्‌तास लागायचे.

कपाटावरचा वास दिवसेंदिवस वाढत होता. मी रोज विचारायची, ते रोज "शेवटी" म्हणायचे. एके दिवशी त्यांचं लक्ष नसताना मी पाकीट उघडून पाहिलं. कोपऱ्यातला फुगवटा आत सरकला होता. पहिल्या ओळीच्या दोन चौकटी फाटल्यासारख्या दिसत होत्या. ब्रेकच्या पार्टची यादी नेमकी कोणत्या चौकटीत आहे ते मला माहीत नव्हतं. ती गेली की जगात दुसरी प्रत आहे की नाही, तेही कुणाला माहीत नव्हतं. शीट त्यांची होती. मी पाकीट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी निकेशचा मेसेज आला. निकेश आमच्या ग्रुपवरचा, नागपूरचा. दोन वर्षं खपून त्याने सत्याऐंशीच्या शेवटाची जीप उभी केली होती. त्याने लिहिलं होतं, मागच्या चाकाचं ब्रेक किट आज मागवतोय, इंटरनेटवर फिरणाऱ्या यादीत हा नंबर आहे, चंद्रपूरच्या भाऊंना एकदा विचारून सांग. शनिवारी पोरांना घेऊन पेंचला जायचंय.

मी मेसेज मोठ्याने वाचला. "एक्केचाळीस सातशे वीस. बरोबर आहे का, भाऊ?"

"बराबर," ते लगेच म्हणाले. "मागचं चाक. एक्केचाळीस सातशे..."

ते थांबले. कूलरचं पाणी संपलं होतं आणि पंप कोरडा घरघरत होता. आशाबाई उठल्या नाहीत.

"पोरं घेऊन जाते म्हणते का तो?"

"हो."

"चॅसी नंबर काय त्याचा?"

मी वाचला. त्यांचे ओठ हलले, नंबर मनात पुन्हा म्हटला असावा. मग म्हणाले, "त्याले थांब म्हण. तोंडी नाई देत मी हा नंबर."

"म्हणजे..."

"काढ ते शीट."

*

मी पंखा आणि कूलर बंद करायला लावले. थर इतका सुटला होता की वाऱ्याने पापुद्रा उडाला असता. शीट सपाट करायची तर दोन काचांमध्ये दाबावी लागणार होती. दाबली तर वळलेली फिल्म मोडण्याची भीती, नाही दाबली तर भिंगाचा फोकस लागत नाही. एका फोटोपुरती जरी ती सपाट राहिली तरी पुरे, असं मी ठरवलं. एक चौकट, मग पुढची, मग पुढची. परत फिरून पाहायचं नाही.

गुणवंतराव स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसले. बनियन घामाने अंगाला चिकटली होती. आशाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

काच ठेवताच कोपऱ्यात बारीक करकर झाली. पहिल्या दोन चौकटी गेल्या, माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे तुकडे झाले. त्यात मुखपृष्ठ होतं की यादी, आता कधीच कळणार नव्हतं. मी बटणावरचं बोट मागे घेतलं.

"चालू ठेव," गुणवंतराव म्हणाले.

तिसरी, चौथी. ब्रेक पेडल, मास्टर सिलिंडर. पाचवीत फोकस लागेना, मी काच अर्ध्या केसाने उचलली, पुन्हा ठेवली. आठवी. नववी. अक्षरं ताणल्यासारखी वाकडी, पण वाचता येत होती. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी नवव्या चौकटीचा फोटो काढतेय आणि मला एकही रेघ पुसावी लागणार नाही.

ही शीट कोपरा सोडला तर अगदी स्वच्छ होती. ना रेघा, ना ठसा. आतापर्यंतच्या प्रत्येक शीटवर मशीनच्या काचांचे ओरखडे होते, हिच्यावर एकही नव्हता. मी भिंगातून डोळा काढला नाही. काढला असता तर माझा चेहरा त्यांना दिसला असता.

"भेटलं," ते म्हणाले.

तेराव्या चौकटीत मागच्या चाकाच्या ब्रेकचं चित्र होतं आणि चौदाव्यात यादी. किट, मागचं चाक : ४१७२०. एकच नंबर.

"पाह्य," ते आशाबाईंना म्हणाले. आवाज एकदम मोठा झाला होता. "पाह्य, एकच आहे. म्हणलं होतं ना मी?"

चौदावी चौकट ओळीतली शेवटची. यादीच्या तळाशी एक चांदणी होती आणि तिच्यापुढे एवढंच : पुढे चालू.

त्यांनाही ते दिसलं. मी शीट सरकवली. ओळ संपली की पुढचं पान खालच्या ओळीच्या सुरुवातीला असतं. त्यासाठी शीट पूर्ण डावीकडून उजवीकडे परत न्यावी लागते. त्या वाटेत काच दोनदा कुरकुरली. मी बटण दाबलं.

पडद्यावर चार ओळी आल्या. चॅसी नंबर अमुकपासून पुढच्या गाड्यांना मागच्या चाकाचं सिलिंडर मोठं, किट ४१९५५. फरक एका इंचाचा सोळावा हिस्सा. मिस्त्रींच्या भाषेत अर्धा सूत. लहान रबर मोठ्या सिलिंडरमध्ये बसतं, चार दिवस धरतंही. मग तेल सोडतं.

"तो नंबर वाच," गुणवंतराव म्हणाले. "ज्याच्यापासून पुढे."

मी वाचला.

"चिठ्ठीवरचा याच्या पुढचा होता. चारशे अकरानं पुढे." छत्तीस वर्षांनंतर त्यांना चिठ्ठीवरचा चॅसी नंबर तोंडपाठ होता.

मीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "भाऊ, ओळ संपते तिथे यादी तुटलीय. घाईत कुणाचंही राहिलं असतं. बस सुटायची वेळ..."

"बस सुटाले अर्धा घंटा होता," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आत्ता पाह्यलं ना? घासली नाई ते शीट."

मी मान हलवली.

"मी मशीनात लावलीच नोती. नवा संच आला जानेवारीत. जुने शीट वापस घेऊन गेले, नवे डब्यात ठेवले मी. मले काय गरज, मले पाठ होतं. कंडक्टर उभा, चार मिस्त्री उभे, मी चिठ्ठी पाह्यली अन् नंबर बोललो. सारे हासले, वा म्हणले." ते स्टुलावरून उठायला गेले आणि पुन्हा बसले. "मंग ठेकेदाराचा माणूस आला. मालक म्हणे, गुणवंत, फिशवर काय आहे? मी म्हणलो एकच नंबर. मी फिश पाह्यलीच नोती त कुठून सांगतलं ते?"

आशाबाई दारातूनच म्हणाल्या, "अन् मंगही नाई पाह्यली?"

"मंग भेव लागलं."

निकेशचा चॅसी नंबरही त्या आकड्याच्या पुढचाच होता. मी त्याला दुसरा नंबर पाठवला. त्याचा अंगठा आला, मग लगेच विचारणा : पूर्ण गट अठरा कधी टाकतेस ग्रुपवर? गुणवंतराव वाचत होते.

"आज नाई टाकाचं," ते म्हणाले. "आधी मुखरूले सांगाचं. त्याच्याआधी साऱ्या दुनियेले कळलं त ते बराबर नाई."

"पत्ता आहे?"

"आहे. आधीपासून आहे."

*

शुक्रवारी सकाळी आम्ही आलापल्लीच्या बसमध्ये बसलो. मी त्या चौकटीची मोठी प्रिंट काढून आणली होती. ती त्यांनी घडी न घालता मांडीवर धरली होती. गोंडपिंपरी गेलं, आष्टीचा पूल गेला. जंगल सुरू झाल्यावर प्रत्येक उताराला त्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जात होता. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यात कधी चालवली नव्हती.

आलापल्लीहून ऑटोने सात किलोमीटर. मुखरू अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसले होते. वय पासष्टच्या आसपास, अंगाने सुकलेले, हात भराभर चालणारे. गुणवंतरावांनी नाव सांगितलं. मुखरूंना ओळख पटली नाही.

"चंद्रपूरचा," गुणवंतराव म्हणाले. "एजन्सीत काउंटरवर होतो. तुमच्या जीपचं ब्रेक किट मी देल्लं होतं."

हात थांबले. घरातून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो तसाच राहिला.

गुणवंतरावांनी उभ्या उभ्या सांगितलं. फिश म्हणजे काय, गट अठरा, जानेवारीची सुधारणा, अर्ध्या सुताचा फरक. प्रिंटवर बोट ठेवून दोन्ही नंबर दाखवले. मुखरू कागदाकडे पाहत नव्हते, बोलणाऱ्याकडे पाहत होते.

"म्हणजे ब्रेक नोता," ते शेवटी म्हणाले.

"नोता."

"मी दाबला होता."

"दाबला असंल."

"असंल नाई. दाबला होता." त्यांनी पुडा खाली ठेवला. "मी पेत होतो भाऊ, खोटं काऊन बोलू. पण त्या दिवशी नाई. पाच जण मागं बसले होते. लोकं म्हणत, मुखऱ्या नशेत होता, पाय क्लचवर मारला. एवढ्या लोकायनं म्हणलं, का मलेच वाटाले लागलं, मारला असंल क्लचवर. मी स्वप्नात पाय पाह्यतो माहा. कधी इकडे असते, कधी तिकडे."

"माह्यामुळं झालं."

"हो." मुखरू शांतपणे म्हणाले. "तुमच्यामुळंच झालं." मग त्यांनी सुटलेली पानं गोळा करून पुड्यावर ठेवली. "पुतण्यानं ट्रॅक्टर घेतला. मले म्हणे, काका, तू नको बसू त्याच्यावर. हसत म्हणे. पोरगं बिचारं, त्याचा जनमही नोता तवाचा."

गुणवंतरावांनी हात जोडले. मुखरूंनी ते पाहून मान दुसरीकडे वळवली.

"मले नका जोडू हात. मले समजलं, झालं. पण मी गावाले सांगतलं त कोण मानते? म्हणतीन, मुखऱ्यानं कागद छापून आणला." ते उठले, खांद्यावर दुपट्टा टाकला. "चला."

"कुठी?"

"बिरजूच्या घरी. त्याले तुम्ही सांगा. इथी माह्या आंगणात नाई, त्याच्या आंगणात सांगा."

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं.   ते इथवर एका माणसाला सांगायची तयारी करून आले होते. पण त्यांनी चप्पल पायात घातली आणि मुखरूंच्या मागे चालू लागले.

बिरजू मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसले होते. लुंगीखाली एक पाऊल, दुसऱ्या बाजूला रबरी बूड लावलेली काठी. ते आणि मुखरू एकमेकांशी बोलत नसत हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की मुखरूंना अंगणात शिरताना पाहून बिरजूंच्या सुनेने, सुकरीने, हातातलं सूप खाली ठेवलं.

"जोहार," मुखरू म्हणाले. "चंद्रपूरचा माणूस आणला. त्याचं आयकून घे."

गुणवंतरावांनी पुन्हा सांगितलं. या वेळी प्रिंट उलटी धरली गेली, त्यांच्या लक्षात आलं नाही. सुकरी मधेमधे सासऱ्याला गोंडीत समजावत होती. बिरजूंनी बोटांची चिमूट करून विचारलं, "एवढा फरक?"

"त्याच्याहून कमी."

बिरजू आपल्या चिमटीकडे पाहत राहिले. कुंपणाशी दोन बायका येऊन थांबल्या होत्या, मग एक म्हातारा आला, मग ट्रॅक्टर थांबवून मुखरूंचा पुतण्या सुरज आला. कुणीतरी विचारलं, काय झालं. बिरजू सुनेला काहीतरी म्हणाले, तिने गुणवंतरावांना सांगितलं, "मामाजी म्हणतात, त्यायलेही सांगा."

ते तिसऱ्यांदा बोलले. फिश, गट, सूत, यांतलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. म्हणाले, "गाडीचा नंबर लिहून आला होता. पुस्तकात पाहाचं होतं. मी पाह्यलं नाई, अन् पाह्यलं म्हून सांगतलं. चूक माही होती. याची नोती."

सगळे मुखरूंकडे वळले. सुरज तोंड उघडं ठेवून काकाकडे बघत होता. मुखरूंनी कुणाकडेच पाहिलं नाही. ते बिरजूंच्या खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर, टेकून बसले होते. बिरजूंनी काठी हलवून त्यांना थोडी जागा करून दिली. 

वाटेने आणखी एक जण येत होता, डोक्यावर पानांचा भारा. तो कुंपणाजवळ थांबून आत पाहू लागला.

"भाऊ," मुखरू म्हणाले, "पुन्हा सांगा. हा आत्ता आला."

गुणवंतरावांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.